विहाराचा पहिला नकाशा

जे झालं ते माझ्या हातून झालं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी यंत्राला दोष देणार नाही, की ज्या कंपनीचं ते यंत्र होतं तिलाही. कंपनीने स्पष्ट लिहून ठेवलं होतं. मी वाचलं नाही.

माझा मोठा भाऊ ड्राफ्ट्समन होता. लोक त्याला इंजिनियरसाहेब म्हणत आणि तो प्रत्येकाला तिथल्या तिथे दुरुस्त करायचा. "इंजिनियर वेगळा असते. मी फक्त रेघा वढतो." रायपूरच्या तात्यापारा भागात एका कापडदुकानाच्या मागे त्याची एक खोली होती. राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, आणि शहरात जो तो घर बांधायला निघाला. वडील रेल्वेत होते, त्यामुळे गोंदिया-भंडाऱ्याकडून येऊन रेल्वेतच निवृत्त झालेली आमची सगळी माणसं दादाकडे येत. प्लॉट छोटा, स्वप्नं मोठी. कोणाला समोर गॅलरी हवी, कोणाला मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला. दादा सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचा, "म्हातारपणी घरचे लोक बाथरूमले कसे जातीन, सांगा." मग गॅलरी मागे पडायची.

त्याला कंप्युटर मी शिकवला. मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि घरात मलाच काय ते कळतं अशी माझी समजूत होती. त्या दिवसांत कंप्युटर बिघडला की दुरुस्तीवाला एकच इलाज करायचा, सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचा. C ड्राइव्हमध्ये जे असेल ते जायचं, D मधलं राहायचं. त्यामुळे दुकानदार, कारकून, फोटोवाले, आम्ही सगळ्यांनीच एक नियम पाळला. कामाचं काहीही C मध्ये ठेवायचं नाही, D मध्ये ठेवायचं. दादाला मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं आणि त्याने ते कधी मोडलं नाही. नकाशा काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप जतन होणाऱ्या प्रती असतात, त्यासुद्धा त्याने माझ्याकडून D मध्ये वळवून घेतल्या. माझ्यावर एवढा विश्वास ठेवणारा विद्यार्थी मला परत मिळाला नाही.

मग त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली. काही महिन्यांनी पाय थोडा आला, समता कॉलनीतल्या क्लिनिकमध्ये व्यायामाला नेलं की तो काठी धरून चार पावलं टाकायचा, पण हात आला नाही. तात्यापाऱ्याची खोली सोडावी लागली. वहिनीने त्याचं ड्रॉइंगचं टेबल विकू दिलं नाही. ते घरी आणून त्यावर पापड-कुरड्यांचे डबे ठेवले.

त्याच सुमारास आमच्या वस्तीत विहाराचं नक्की झालं. जागा आधीपासून होती, तिच्यावर टिनाचं शेड होतं. आता पक्की इमारत बांधायची, खाली वंदनेसाठी हॉल आणि त्याला लागून मुलांसाठी अभ्यासिका, असं समितीने ठरवलं. समितीचे सचिव रेल्वेतून निवृत्त झालेले, वडिलांना ओळखणारे. ते दादाला भेटायला आले. नकाशा दुसऱ्या कोणाकडून काढायचा तर कोणाकडून, एवढंच विचारायला आले होते.

दादा म्हणाला, "दुसरा काहून? मी काढतो ना."

सचिव माझ्याकडे पाहू लागले. मी वहिनीकडे.

"डावा हात आहे ना अजून," दादा म्हणाला. "का तोही तुमाले द्यायचा आहे?"

हसले सगळे. पण ते गेल्यावर त्याने मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाला, "लोकायचे शंभर घरं काढले. आपल्या वस्तीचं एक बी नाही. हे मले काढू दे. तू फक्त मशीन पाय."

फक्त मशीन बघायचं होतं. तेवढंच काम त्याने माझ्याकडे दिलं होतं.

घरात पुतणीचा कॉलेजचा लॅपटॉप होता. हलका, स्वस्त. त्यावर नकाशाचं सॉफ्टवेअर उघडायलाच दम लागायचा. मोठा कंप्युटर घेतला असता, पण दादाला टेबलाशी फार वेळ बसवत नव्हतं. त्याला पलंगावर, उशीला टेकून काम करायचं होतं. मी तेव्हा नव्या रायपुरातल्या एका ऑफिसात कंप्युटर विभागात होतो आणि तिथे सारखी क्लाउडची चर्चा चालायची. मी ते स्वतः कधी केलं नव्हतं. केलेल्यांना बघितलं होतं, व्हिडिओ पाहिले होते. मला वाटलं, दादासाठी असंच करू. दमदार मशीन दुसरीकडे कुठेतरी राहील, दादा पुतणीच्या लॅपटॉपवरून ते चालवील.

खरं सांगायचं तर यात माझी सोय होती. मशीन घरी ठेवलं असतं तर प्रत्येक बारीकसारीक अडचणीला मला शहराच्या दुसऱ्या टोकाहून जावं लागलं असतं. क्लाउडवर असलं की ऑफिसातून, घरातून, कुठूनही दुरुस्त करता येणार होतं. दादाला मी हे सांगितलं नाही. त्याला फक्त फायदे सांगितले.

एका रविवारी मी दादाकडे जाऊन बसलो. नाश्त्याला पोहे होते, आणि दादा उशीला टेकून माझ्याकडे बघत होता.

"म्हणजे कंप्युटर आपल्या घरी नाही राहीन?"

"नाही. पुण्यात राहील."

"पुण्यात कोनाच्या घरी?"

"कंपनीच्या. मोठी इमारत असते, आत मशीनच मशीन. त्यातल्या एका मशीनचा एक वाटा आपण भाड्याने घ्यायचा."

"म्हणजे खोली केली भाड्यानं."

"हव."

"मालक कसा आहे? मंधातच खाली करा म्हनन त?"

"नाही म्हणणार, दादा."

"आपल्या बापाले पुण्याले जाता नाही आलं," तो वहिनीला म्हणाला. "अन हा घरबसल्या खोली करून राहिला."

मी खातं उघडलं. पुण्याचं केंद्र निवडलं. किती प्रोसेसर, किती मेमरी, विंडोजची कोणती आवृत्ती, एकेक ठरवत गेलो. दादाला लक्षात राहील असा पासवर्ड ठेवला. बाहेरून कोणी शिरू नये म्हणून फक्त या घरच्या इंटरनेटलाच दार उघडं ठेवलं, आणि माझ्या घरच्या. रोज रात्री पूर्ण मशीनचा बॅकअप व्हावा अशी व्यवस्था लावली. आणि साठवणीसाठी, नकाशांसाठी म्हणून, एक वेगळी डिस्क घेतली. अर्जात मी ती स्वतः जोडली, मला आठवतं.

मग पुतणीच्या लॅपटॉपवरून पहिल्यांदा त्या मशीनमध्ये शिरलो. काळा पडदा आला, गोल फिरलं, आणि पुण्यातलं ते विंडोज आमच्या पलंगावर उघडलं. दादाने डाव्या हाताने माउस हलवला. तिकडचा बाण हलला. त्याचं तोंड तेव्हा एका बाजूने ओढलेलं असायचं, हसला की अर्धाच हसायचा. तो तसा हसला.

मी आतल्या डिस्का पाहिल्या. C होता, आणि D होता. D पाहून मला बरं वाटलं. हीच माझी डिस्क, असं मी धरून चाललो. तिचा आकार मी घेतलेल्यापेक्षा कमी दिसत होता, पण पेन ड्राइव्हही पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा कमीच निघतो, मी त्याकडे लक्ष दिलं नाही. तिला आधीच एक इंग्रजी नाव दिलेलं होतं, तात्पुरती साठवण अशा अर्थाचं. नव्या भांड्यावर चिकटवलेल्या कागदासारखं काहीतरी असेल, असं समजून मी ते पुसलं आणि तिथे 'नकाशे' असं लिहिलं. आत एक फाइल होती. तिच्या नावातच मोठ्या अक्षरांत धोक्याची सूचना होती. अशा सूचना प्रत्येक नव्या वस्तूबरोबर येतात आणि कोणी वाचत नाही. मला दादाला स्वच्छ डिस्क द्यायची होती. मी ती फाइल न उघडता डिलीट केली.

"D मध्येच ठेवू ना?" दादाने विचारलं.

"D मध्येच," मी म्हणालो.

त्यानंतर चार-साडेचार महिने त्याने काम केलं. वहिनी सांगायची, सकाळी आंघोळ झाली की लॅपटॉप मागायचा. डाव्या हाताने एक रेघ बरोबर जागी टेकवायला त्याला किती वेळ लागत असेल याचा मी तेव्हा विचार केला नाही. मी रोज दुपारी ऑफिसातून फोन करायचो.

"दिसून राहिलं का नीट?"

"हव."

"मधे तुटत तर नाही?"

"नाही. तू येऊन पाय ना एकदा."

"येतो रविवारी."

रविवारी जायचो. कधी जायचो, कधी नाही. गेलो की लॅपटॉप मांडीवर घेऊन आधी इंटरनेटचा वेग तपासायचो, मग बॅकअप झाला का ते. बॅकअपच्या यादीत रोज हिरवी खूण असायची आणि ती पाहून मला समाधान वाटायचं. एकदा दादाने पडद्यावरचा नकाशा मोठा केला आणि म्हणाला, "हे पाय, इकडून कसा घेतला." मी वाकून पाहिलं. त्याच वेळी पडद्यावरचं चित्र क्षणभर थांबून पुढे सरकलं आणि मी म्हणालो, "अरे, हे अडकतंय. मेमरी कमी पडतेय वाटतं." त्याने नकाशा परत लहान केला.

नकाशा जसजसा भरत गेला तसतसं अडकणं वाढलं. दादाने तक्रार केली नाही, पुतणीने केली. "काका, पापा एक लाइन खींचते हैं और मशीन सोचती रहती है." मला ते मनाला लागलं. दादाचा हात हळू, त्यात मशीनही हळू. एका रविवारी सकाळी मी माझ्या घरूनच बसलो. मशीन बंद केलं, यादीतून एक मोठं मशीन निवडलं, मेमरी दुप्पट, आणि परत सुरू केलं. चहा गार व्हायच्या आत झालं. मला स्वतःचं कौतुक वाटलं. आता दादाला फोन करून सांगावं, बघ कसं पळतं ते, असा विचार करत होतो तेवढ्यात पुतणीचाच फोन आला.

"काका, पापा पूछ रहे हैं, नक्शे कहाँ गए?"

"D में देखो."

"D में ही देख रहे हैं. खाली है."

मी हेल्मेट न घालता निघालो. सदर बाजारात नेहमीसारखी गाड्यांची दाटी होती आणि मी मनात सगळ्या शक्यता मोजत होतो. कदाचित दुसऱ्या फोल्डरमध्ये असेल. कदाचित मशीन पूर्ण सुरू झालं नसेल. काहीही झालं तरी बॅकअप आहे. बॅकअप आहे, बॅकअप आहे, असं मी प्रत्येक चौकात म्हणत होतो.

दादा पलंगावर होता. लॅपटॉप त्याच्यासमोर उघडा. मी तो ओढून घेतला. D उघडला. 'नकाशे' हे नाव गेलं होतं. तिथे परत कंपनीचं इंग्रजी नाव आलं होतं, आणि मी डिलीट केलेली फाइल जागच्या जागी बसली होती, जशी पहिल्या दिवशी होती तशी. या वेळी मी ती उघडली. दोन-तीन ओळींचा मजकूर होता. ही तात्पुरती डिस्क आहे, इथे ठेवलेलं काहीही जाऊ शकतं, आणि गेलं तर परत मिळणार नाही. म्हणून जपून ठेवायचं काही इथे ठेवू नका.

मी बॅकअप काढला. त्याला वेळ लागला. त्या वेळात वहिनी दोनदा दाराशी येऊन गेली. बॅकअप आला तेव्हा C चं सगळं होतं. दादाने लावलेलं बोधिवृक्षाचं चित्र होतं. नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादीही होती, विहार, विहार दोन, विहार अभ्यासिका. एकेकावर दाबलं की सापडत नाही असं उत्तर यायचं. तात्पुरत्या डिस्केचा बॅकअप होतच नसतो. त्या हिरव्या खुणा ज्याच्या होत्या त्यात नकाशा कधी नव्हताच.

मी घेतलेली ती वेगळी डिस्क मला नंतर सापडली. ती पहिल्या दिवसापासून मशीनला जोडलेली होती. पण नवी डिस्क नुसती जोडून दिसत नाही. आत जाऊन ती सुरू करावी लागते, आखावी लागते, तिला एक अक्षर द्यावं लागतं. तेवढं मी केलं नव्हतं. दादा चार महिने काम करत होता आणि त्याच्यासाठी घेतलेली जागा शेजारी कोरी पडून होती.

"दादा," मी म्हणालो, "गेलं. माझ्यामुळे गेलं."

मी सगळं सांगितलं. डिस्क, फाइल, नाव बदललं ते. सांगताना मी फार बोललो, मला वाटतं. तो ऐकत होता.

"थे फाइल तू वाचली होती का?"

"नाही."

"काहून?"

मी पडद्यावरची ती फाइल बंद केली.

"मी पयली रेघ वढाच्या आधी प्लॉट मोजतो," तो म्हणाला. "मालक म्हनते, तीस बाय पन्नास आहे, कागद आहे ना. मी म्हनतो, कागद ठेवा, फीत धरा." त्याचा श्वास लागला होता. "तुले इचारलं होतं मी. D मध्ये ठेवू का म्हणून. इचारलं होतं का नाही?"

"विचारलं होतं."

"मंग?"

वहिनी आत आली. "च्या ठेवू का?" तिने कोणालाच न बघता विचारलं. दादाने तोंड भिंतीकडे वळवलं. त्याला एका अंगावर वळायला मदत लागायची. त्या दिवशी त्याने मला हात लावू दिला नाही, आपलं आपणच, हळूहळू, वळला.

पुतणीने आपल्या मोबाइलमध्ये शोधलं. वडील काम करतानाचा एक फोटो तिने मैत्रिणींना पाठवला होता. त्यात दादा स्पष्ट आहे, त्याचा चष्मा, डावा हात, मांडीवरची उशी. खिडकीतलं ऊन पडद्यावर पडलं होतं, म्हणून पडदा नुसता पांढरा आहे. कागदावर छापलेलं काही नव्हतं. अर्धवट नकाशा छापून आणायचा नाही, ही त्याची जुनी सवय. पूर्ण झाल्याशिवाय तो कोणाला दाखवायचाही नाही.

मी ती डिस्क नीट आखली, तिला अक्षर दिलं. आता बॅकअपमध्ये ती खरोखर येते का हे एक फाइल मुद्दाम पुसून, परत आणून पाहिलं. हे सगळं पहिल्या दिवशी करायला जेवढा वेळ लागला असता तेवढाच आताही लागला. आठवडाभर दादाने लॅपटॉप मागितला नाही. मग एक दिवस पुतणीचा फोन आला, "पापा शुरू कर दिए."

दुसऱ्यांदा तो वेगळाच काम करत होता. मी रोज संध्याकाळी जायला लागलो. गेलो की तो आधी विचारायचा, "आज केलेलं राहिलं का?" मी उघडून दाखवायचो. "बंद कर. परत उघड." मी परत उघडायचो. त्याला माझं तोंडी उत्तर चालत नव्हतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. कधी मधेच थांबून तो छताकडे बघत राहायचा. एकदा म्हणाला, "इथं कसं घेतलं होतं मी, आठवत नाही आता." मी म्हणालो, आठवेल. तो म्हणाला, "नाही आठवत, बे. पयल्यांदा हात नेते तिकडे मन जाते. दुसऱ्यांदा फक्त काम."

पहिल्याला लागलेल्या वेळाच्या निम्म्या वेळात दुसरा झाला. दादाच्या सांगण्यावरून मी तो सदर बाजाराजवळच्या दुकानातून मोठ्या कागदावर छापून आणला. समितीची माणसं घरी आली, नकाशा पलंगावर पसरला. सगळ्यांना आवडला. सचिवांनी दादाचा डावा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, "कोनशिलेवर तुमचं नाव टाकू."

"नाही," दादा म्हणाला.

"असं कसं?"

"हे घाईत काढलेलं आहे. बांधा, पडत नाही थे, मजबूत आहे. पन माहं नाव नोका टाकू."

ते याला मोठेपणा समजले. बाहेर पडताना एक जण मला म्हणालाही, "आजच्या काळात असे मानूस नाही राहिले." मी मान हलवली. मी तिथेच खरं सांगायला हवं होतं. दादाच्या समोर माझ्याने बोलवलं नाही.

पाया भरला तेव्हा दादाला गाडीतून नेलं होतं. तो खाली उतरला नाही, काच खाली करून बघत बसला. स्लॅब पडायच्या आधी त्याला दुसरा झटका आला. पाच दिवस होता हॉस्पिटलात, शुद्धीवर आला नाही.

विहार पूर्ण व्हायला पुढे वर्ष गेलं. उद्घाटनाआधी समितीने एका रविवारी दुपारी बैठक बोलावली, त्याच नव्या हॉलमध्ये. फरशीला अजून सिमेंटचा वास होता. सतरंज्या घातल्या होत्या, एका बाजूला बाया, एका बाजूला आम्ही. वहिनीही आली होती. वंदना झाली आणि सचिव उभे राहिले.

"दादांनी नाव नको म्हनलं होतं," ते म्हणाले. "थो त्यायचा स्वभाव होता. पन आता थे नाहीत, अन समाजाची इच्छा आहे का नाव यावं. त्यायचे भाऊ इथं आहेत. त्यायनं सांगावं."

सगळे माझ्याकडे वळले. मी उभा राहिलो आणि सांगितलं. हा दुसरा नकाशा आहे. पहिला माझ्या चुकीने गेला. याच्यावर त्याला नाव नको होतं ते मोठेपणा म्हणून नाही, हा त्याला हवा होता तसा नव्हता म्हणून.

मागून कोणीतरी समजुतीने म्हणालं, "मशीनचा काय भरोसा, भाऊ."

"मशीन बरोबर होतं," मी म्हणालो.

मग बायांच्या बाजूला पुढे बसलेल्या एका म्हातारीने मान वर केली. तिच्या नवऱ्याने आणि माझ्या वडिलांनी रेल्वेच्या एकाच गँगमध्ये रुळांवर काम केलेलं. तिला डोळ्यांना कमी दिसतं, ती आवाजाच्या दिशेने बोलते.

"अन थो पयला कसा होता, बाबू?"

टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. बाकीचेही ऐकायला पुढे झुकले. मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. फाइलीचं नाव मला माहीत होतं. ती किती जड होती ते माहीत होतं, शेवटची कधी जतन झाली तेही. मी तिच्यासाठी मेमरी दुप्पट केली होती. पण दार कुठे होतं, हॉल कोणत्या बाजूला उघडत होता, मुलं कुठे बसणार होती, यातलं एकही मी सांगू शकत नव्हतो. चार महिने तो पडदा माझ्यासमोर होता आणि मी एकदाही नकाशा पाहिला नव्हता.

"मला आठवत नाही, आजी," मी म्हणालो. तेही खरं नव्हतं. आठवायला आधी पाहावं लागतं.

ती वाट बघत राहिली. तिला वाटलं असावं, मी आठवून सांगेन. शेवटी सचिवांनी पुढचा विषय घेतला. नाव घालायचं नाही असं ठरलं.

वहिनीला घरी सोडायला मी तिला गाडीवर घेतलं. विहाराच्या समोर पाच पायऱ्या आहेत. ती गुडघ्यावर हात ठेवून एकेक उतरली. गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग पाठीमागून तिचा आवाज आला.

"पयल्यात पायऱ्या नोत्या, भाऊजी."

मी गाडी हळू केली.

"तुमाले ठाऊक नसन. मले बी पुरा नाही दाखोला त्यायनं. पन येवढं सांगतलं होतं. रोडापासून आतवर उतार घेतला म्हणे, चौडा, फिरवून. कठडा दोन्हीकडून. म्हणे, मी काठीनं जाईन, कोनाले धरा नाही लागन."

"मग दुसऱ्यात का नाही घेतला?"

"मी बी इचारलं." ती थांबली. समोरून एक ट्रक येत होता, तो जाईपर्यंत. "म्हणे, आता कोनासाठी."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी आरशात तिचा चेहरा बघायचा प्रयत्न केला, पण तिने पदर तोंडावर घेतला होता, धूळ होती. समता कॉलनीच्या वळणावर ती म्हणाली, "दूध घ्या लागते, भाऊजी," आणि मी डेअरीसमोर गाडी उभी केली.